काळी भिंत आणि गणपतीची घाई

प्रश्न : 22 जुलै 2021च्या पुरात चिपळूणच्या आमच्या घरात छातीभर पाणी होतं. घर जुनं, जांभ्या दगडाचं. चिखल उपसला, ब्लीचिंग पावडर मारली, तरी भिंतींवर काळे ठिपके चढताहेत आणि कुबट वास जात नाही. सासूबाईंना मधुमेह आहे. मे महिन्यात कोविड झाला तेव्हा स्टेरॉईड द्यावी लागली. बातम्यांतली ती काळी बुरशी हीच का? धाकट्याला रात्री खोकला येतो. 10 सप्टेंबरला गणपती, त्याआधी भिंतींना रंग द्यायचा असं घरच्यांचं म्हणणं आहे.

उत्तर : आधी सासूबाई, मग भिंत. त्यांना लेकीकडे, पुतण्याकडे, कुठेही कोरड्या घरात हलवा आणि घर सुकेपर्यंत परत आणू नका. बातम्यांतली काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस, तिची बुरशी वेगळी. ती मातीत, कुजक्या पाल्यात असतेच आणि धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. भिंतीवर काळी दिसते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच जातीची. तिच्यामुळे सर्दी, खोकला, दमा बळावतो. पण साखर वाढलेली, वर नुकतीच स्टेरॉईड घेतलेली, अशा बाईने पुराच्या घरात साफसफाई तर सोडाच, राहूही नये. त्यांची साखर या आठवड्यात तपासा. चेहऱ्याची एकच बाजू दुखली-सुजली, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव आला, वरचे दात हलू लागले, एकाचे दोन दिसले, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

धाकटा बाहेर असताना बरा आणि घरात आला की खोकतो, असं असेल तर त्यालाही आजीबरोबर पाठवा. ताप असेल तर मात्र बुरशीवर ढकलू नका. पुरानंतरचा ताप म्हणजे लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) नाही ना, हे आधी पाहायचं. कोविडची चाचणीही करून घ्या.

आता रंग. देऊ नका. जांभा पाणी पितो. गिलावा वरून सुकलेला वाटतो, आतला जांभ्याचा चिरा ओलाच असतो. त्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि दिवाळीपर्यंत पोपडे धरून बुरशी पुन्हा हजर. हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून घाम धरला असेल तर रंगाऱ्याला परत पाठवा. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर पाण्याच्या खुणेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत तो खरवडून चिरा उघडा पाडा. दिसायला वाईट, पण सुकतो. पुढे सुकल्यावर साधा चुना लावा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. कुठे पांढरं पीठ फुटलं असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर तो क्षार, बुरशी नव्हे.

ठिपके कोरड्या झाडूने झाडू नका, सगळ्या घरात उडतील. एन-95 मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून भिंत आधी ओली करा, साबणाच्या पाण्याने घासा, फडकं फेकून द्या. नुसतं ब्लीच मारलं की काळं पांढरं होतं आणि चिऱ्याच्या भोकांतली बुरशी तशीच राहते. ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू होतो. बुरशी निघाल्यावरच पंखा लावा, तोही वायरमनने वायरिंग तपासल्यावर आणि खिडकीतून बाहेर वारा फेकेल असा. उघडीप मिळाली की दारं-खिडक्या सताड उघडा, पाऊस आला की बंद करा. भिंत सुकवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणारे दरवर्षी भेटतात. त्या धुरात माणूस झोपेतच जातो. वासावर धूप-कापूर जाळूनही खोकलाच वाढतो.

कापसाच्या गाद्या, उशा, फुगलेलं प्लायवूड सरळ टाका. जीव तुटतो, ठाऊक आहे. सागवानी पलंग घासून सावलीत सुकवला तर वाचेल.

आणि गणपती? पडवी सुकली असेल तर पडवीत बसवा. रंग न दिलेल्या घरात तो येत नाही, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

प्रश्न : महाड. पुरात भिजलेल्या तांदळाला बुरा आलाय. धुऊन, कडक उन्हात वाळवून खाल्ला तर चालेल का?

उत्तर : नाही. काही बुरशा धान्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात. ते धुऊन, वाळवून किंवा शिजवून जात नाही आणि यकृतावर उठतं. खड्डा करून पुरा. कोंबड्यांनाही घालू नका.