डायलिसिसवर असलेल्या माणसाला प्रार्थनेचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालंय, आईने सोळा सोमवार धरलेत, मामा महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप घालायचं म्हणतात आणि धाकटा भाऊ या सगळ्याला थोतांड म्हणतो. आता यातलं काय मानायचं, असा तुमचा प्रश्न. मी स्वतः बरीच वर्षं डायलिसिसवर आहे आणि रोज रामरक्षाही म्हणतो, तेव्हा मशीनला जोडलेल्या माणसाच्या बाजूने सांगतो.

कायमची निकामी झालेली किडनी प्रार्थनेने चालू होत नाही. रक्तात साठणारा क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ रामरक्षेला जुमानत नाही. इथपर्यंत तुमचा भाऊ बरोबर आहे. पण आजार म्हणजे काही नुसता रिपोर्ट नसतो. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास तिथे पडून राहायचं असतं. फिस्टुलाच्या (सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेच्या) हातात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही. सुरुवातीचा वेळ गप्पांत जातो. शेवटी शेवटी पाणी जास्त ओढलं गेलं की बीपी उतरतं, पोटरीत गोळा येतो, मशीन कोकलायला लागतं आणि टेक्निशियन नेमका दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेला असतो. त्या वेळी मनाला धरायला काहीतरी लागतं, आणि ते पाठ असलेलं असावं लागतं, कारण नवीन काही सुचण्याची ती वेळ नव्हे. रामरक्षेत डोकं, कपाळ, डोळे, कान असं करत एकेक अवयव रामाच्या हवाली करत पावलांपर्यंत जायचं असतं. गोळा आला की मी पोटरीच्या ओळीवर अडून बसतो, तीच तीच म्हणत राहतो. (मूत्रपिंडाचं वेगळं नाव त्यात नाही. ते मी नाभी आणि कमरेच्या मध्ये कुठेतरी धरून चालतो.)

पलीकडच्या बेडवर वसईच्या एक ख्रिस्ती बाई असतात, त्या जपमाळ ओढतात. आम्हा दोघांचं बहुधा एकच चाललेलं असतं. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली मारियेची प्रार्थना आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हूं' म्हणायला लावलं होतं. 2001 साली ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. ती माणसं धडधाकट होती, तेव्हा यावरून डायलिसिसबद्दल काही सिद्ध होत नाही. पण घाबरल्यावर पाठ असलेलं म्हणत राहिलं की श्वास ताळ्यावर येतो हे मला अनुभवाने पटलेलं आहे.

दुसऱ्यांनी आपल्यासाठी केलेल्या प्रार्थनेची गोष्ट मात्र वेगळी, आणि मामांना हे जरूर वाचून दाखवा. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या 1802 रुग्णांवर अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे या दोघांनाही ठाऊक नव्हतं. गुंतागुंतीचं प्रमाण निघालं 52 आणि 51 टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे' असं सांगितलेलं होतं. त्यांच्यात प्रमाण 59 टक्के! असं का झालं हे अभ्यासातून ठरलं नाही. मला विचाराल तर त्यात फारसं नवल नाही. सारखे फोन करून 'आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलोय' म्हटलं की पेशंटला वाटतं, आपलं फारच वाईट आहे वाटतं. वर बरं होण्याची जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर. सव्वा लाख जप करून घरी परतलेल्या माणसाला 'आजही पोटॅशियम वाढलंय' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि एका गोष्टीवर नीट लक्ष ठेवा. 'मागच्या जन्माचे भोग', 'कुलदैवताचं काहीतरी राहिलंय', 'कोणीतरी करणी केली' ही वाक्यं वडिलांच्या कानावर पडू देऊ नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी सहकाऱ्यांसह 55 वर्षांवरच्या 596 आजारी माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. देवाने मला टाकलं, देवाचं माझ्यावर प्रेमच नाही, हे सैतानाचं काम आहे, असं ज्यांच्या मनाने घेतलं होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका 19 ते 28 टक्क्यांनी जास्त आढळला. त्या विचारांमुळेच मृत्यू आला असं यातून म्हणता येत नाही. तरीही आजाऱ्याला देवाचा गुन्हेगार ठरवणारी प्रार्थना घरात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. भेटायला येणारी मंडळी हे सगळं मायेपोटीच बोलतात, त्यामुळे त्यांना गप्प करणं जास्त अवघड जातं.

आता सोमवारांचं. आईने खुशाल करावेत, तिलाही काहीतरी हातात हवंच की. पण वडिलांना उपवासाच्या ताटापासून लांब ठेवा. साबुदाणा बिचारा निर्दोष आहे. त्यातलं शेंगदाण्याचं कूट, बटाटा, सोबत केळं, खजूर, वर शहाळ्याचं पाणी, हे सगळं पोटॅशियमने भरलेलं. ते रक्तात साठलं तर हृदय थेट बंद पडू शकतं. सैंधव उपवासाला चालतं म्हणून वडिलांना चालतं असं नाही, तेही मीठच. मिठाने तहान लागते आणि प्यालेलं पाणी अंगात साठून दोन डायलिसिसच्या मध्ये वजन चढतं. तीर्थ थेंबभर द्या आणि तेही दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरा. अंगारा कपाळाला लावायचा, पोटात घ्यायचा नाही.

मामांनी जपही करावा, पण आठवड्यातली एक पाळी वडिलांना ने-आण करण्याची घ्यावी. जपाच्या दक्षिणेचे पैसे रिक्षा आणि औषधांकडे वळले तर उत्तमच. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं, त्याची कागदपत्रंही मामाच करू शकतील.

वडिलांना स्वतःला काय हवंय, हे कोणी विचारलंय का? तुमच्या प्रश्नात ते कुठेच आलं नाही. आमच्या डायलिसिस सेंटरवर एक निवृत्त मास्तर येतात. देवाधर्माचं काही काढलं की डोळे मिटून घेतात आणि माणूस पुढे गेला की मोबाइलवर शब्दकोडी सोडवायला लागतात. त्यांचे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले येतात, कारण ते पाणी मोजून पितात.