अंधेरीतल्या आमच्या ३० जणांच्या ऑफिसमध्ये सगळ्या जेंडरच्या लोकांना आपलं वाटावं म्हणून काय करायचं?

अंधेरीतलं ३० जणांचं ऑफिस म्हणताय, मग पोस्टरबिस्टर राहू दे, आधी टॉयलेट बघा. आमच्याकडे एक ट्रान्स सहकारी दिवसभर पाणीच प्यायची नाही, का ते आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, फार वाईट वाटलं. मग एका टॉयलेटवरची पाटी बदलून नुसतं 'टॉयलेट' लिहिलं, आतून नीट कडी, डस्टबिन, झालं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० माणसं असली तरी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच आणि २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याने तक्रार अधिकारीही, त्यांची नावं भिंतीवर लावा. आणि प्लीज मीटिंगा संध्याकाळी सातला ठेवू नका, विरार लोकल पकडून पोरांकडे पोचायचं असतं, आयांना आणि बाबांनाही. आयकार्डवर माणूस सांगेल तेच नाव छापा.