आयसीयूत बाबा ओळखेनासे होतात तेव्हा

“बाबांचं डोकं कायमचं गेलं का हो?” आयसीयूबाहेरच्या बाकावर हा प्रश्न वारंवार येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज अगदी खाली गेलेला असतो.

बडोद्यातल्या डांडिया बाजारचं एक कुटुंब. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील ७१ वर्षांचे, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते, सहाव्या दिवशी श्वासाची नळी निघाली. ताप उतरत होता, ऑक्सिजनही कमी लागत होता. त्याच रात्री ते म्हणू लागले की छतावर मुंग्या भरल्यात, नर्स विष देतेय. थोरल्या मुलाला विचारलं, “तुम्ही कोण?” नाकातली नळी उपसली म्हणून हातांना मऊ मोजे बांधावे लागले. ते मोजे पाहून धाकटा भांडायच्या बेतात होता.

याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही, म्हातारपणाचा विसरभोळेपणाही नाही. संसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, गुंगीची औषधं आणि रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यांत मोडलेली झोप, या सगळ्याचा भार मेंदूवर पडतो आणि लक्ष एका जागी ठरत नाही. म्हणून सकाळी माणूस नीट बोलतो आणि संध्याकाळी भरकटतो. बडबडणारा रुग्ण सगळ्यांच्या नजरेत येतो. नुसता टक लावून गप्प पडलेला मात्र ‘आज शांत आहेत’ म्हणून सुटून जातो. तोही डिलिरियम असू शकतो, तेव्हा असं दिसलं तर नर्सला आवर्जून सांगा.

मुलं रोज आत जाऊन “बाबा, ओळखा बघू मी कोण?” असं विचारत, मग “मुंग्या नाहीयेत हो!” म्हणून वाद घालत. दोन्हींनी रुग्ण आणखी घाबरतो. परीक्षा घेऊ नये, आपण होऊन सांगावं: “बाबा, मी धाकटा. आज गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. तुम्ही दवाखान्यात आहात, न्यूमोनिया उतरतोय.” वाक्यं छोटी, एका वेळी एकच माणूस बोलणार. मुंग्यांवर वाद नको. “भीती वाटतेय ना, मी इथेच आहे” एवढं पुरतं. धाकट्याने एकदा चमच्याने पाणी पाजायला घेतलं, ते नर्सने थांबवलं ते बरंच झालं. नळी निघाल्यावर गिळणं कच्चं असतं आणि पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया पुन्हा उलटतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत घोटभरही नाही.

या सगळ्यात काकू, म्हणजे मुलांची आई, बाहेरच होत्या. “आईला झेपणार नाही” म्हणून मुलांनी त्यांना तीन दिवस आत सोडलं नव्हतं. समुपदेशनात त्यांना एवढंच विचारलं, की घरी काका रात्री झोपायच्या आधी काय काय करतात? त्या म्हणाल्या, “चष्मा काढून उशाशी, कानातलं मशीन डबीत, आणि ती अर्धी गोळी.” ही झोपेची गोळी बारा वर्षं रोज चालू होती. मुलांना ठाऊक नव्हती, म्हणून औषधांच्या यादीतही नव्हती. अशी गोळी एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांत घालमेल, कंप, भास सुरू होऊ शकतात, फिटही येऊ शकते. डॉक्टरांना लगेच कळवलं आणि त्यांनी त्या दृष्टीने उपचार बदलले.

दारूचंही असंच आहे. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे घरचे हे हमखास लपवतात. पण रोजची दारू सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या भ्रमाचे उपचार वेगळे असतात आणि तो जिवावर बेतू शकतो. तंबाखू, आयुर्वेदिक पुड्या, कुणी दिलेल्या गोळ्या, सगळं खरं सांगा. डॉक्टरांना ते उपचारासाठी हवं असतं.

दुसऱ्या दिवशी काकू चष्मा आणि कानातलं मशीन घेऊन आल्या, डबीवर नाव लिहून, नव्या बॅटरीसकट. एमआरआयला नेताना मशीन काढायचं, हे नर्सकडे नोंदवलं. कवळी मात्र डॉक्टर हो म्हणाल्यावरच. रात्री दिवे मंद ठेवता येतील का, तेही विचारलं. बऱ्याच ठिकाणी जमतं, फक्त कुणी विचारत नाही.

दोन दिवसांनी काकांनी काकूंना नावाने हाक मारली. पुढे आठवडाभर संध्याकाळी घोळ व्हायचाच. बहुतेकांचा हा भ्रम काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत ओसरतो. वय जास्त असेल, आधीपासून विसर पडत असेल किंवा भ्रम लांबला असेल, तर लक्ष आणि स्मरण महिनोन्महिने कच्चं राहू शकतं. हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

सुनेने वहीत रोज चार ओळी लिहून ठेवल्या होत्या: आज नळी काढली, आज खुर्चीत बसवलं. घरी आल्यावरही काकांना मुंग्या स्वप्नात दिसत, तेव्हा ती वही त्यांना वाचून दाखवली. त्यात काकूंच्या सांगण्यावरून एक ओळ होती: ‘छताच्या पांढऱ्या पाट्यांना बारीक काळी भोकं आहेत. चष्मा नसला की ती हलल्यासारखी वाटतात.’ काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली.