शेवटाचा अर्थ लावताना आधी पुरावे बघ

दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकचा भयपट ‘द शायनिंग’ संपला की लगेच यूट्यूबवर उलगडा शोधू नकोस. एक रात्र तो शेवट मनात घोळू दे. मग पुन्हा बघ, या खेपेला फक्त पुरावे गोळा करायला. रात्री बघवत नसेल तर दुपारी बघ, पण घरात लहान भावंडं असताना नको.

हिवाळ्यात बंद हॉटेल राखायला बायको-मुलासह आलेला जॅक शेवटी बर्फात गोठून मरतो. मग तोच हॉटेलच्या भिंतीवरच्या 4 जुलै 1921 च्या पार्टीच्या फोटोत हसताना कसा? कुणी म्हणतं पुनर्जन्म, कुणी म्हणतं हॉटेलनं त्याला गिळलं. ‘सगळं त्याच्या डोक्यातलं वेड’ हा अर्थ मात्र मला अजिबात पटत नाही. बायकोनं त्याला कोठीत कोंडलेलं असतं, दार बाहेरून बंद. ते उघडलं कुणी? जो अर्थ या दारापाशी अडखळतो, तो सोडून दे. इथला राखणदार कायम तूच होतास, असं हॉटेलचा आधीचा, मेलेला राखणदार ग्रेडी जॅकला सांगतो. तेही फोटोशी ताडून बघ.

चित्रपट ज्यावर बेतला त्या स्टीफन किंगच्या 1977 च्या कादंबरीत हा फोटोच नाही, तिथं बॉयलर फुटून हॉटेल जळतं. फोटो कुब्रिकनं आणला. आणि माय-लेक सुखरूप असल्याचा दिलासा देणारा हॉस्पिटलमधला प्रसंग त्यानं 1980 मध्ये प्रदर्शनानंतर कापला. हे फार महत्त्वाचं आहे बघ, त्याला आपल्याला अस्वस्थच सोडायचं होतं.

आपण सांगलीकर नाटकावर वाढलेले. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक होता. या चित्रपटात तसं नाही. शनिवारी भेटलो की ‘दादा, खरं काय ते सांगा’ म्हणू नकोस. तुझा अर्थ सांग, आणि तो कोणत्या दृश्यावरून काढलास तेही.