सम सुटत नाही, म्हणजे मला गणित कळतच नाही का?

दिवाळीच्या आगेमागे माझ्याकडे समुपदेशनासाठी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं यायला लागतात. कुणी एकटं येतं, कुणाला आई घेऊन येते. बोलणं थोड्याफार फरकाने तेच असतं. "बारावीला गणितात चांगले मार्क होते, सीईटीही नीट गेली. पण इथे जरा वेगळा प्रश्न आला की हातच चालत नाही. म्हणजे मला गणित कधी कळलंच नव्हतं का? नुसतं घोकलं होतं?" पालकांचं म्हणणं असं : "मॅडम, एवढे मार्क मग आले कुठून?"

ही काळजी इतक्या जणांकडून ऐकली आहे की एका मुलीची हकिकत सविस्तर लिहावी असं वाटलं. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पुण्यात शिकायला आलेली. वडिलांचं खतांचं दुकान. घरातून इंजिनिअरिंगला आलेली ती पहिलीच. बारावीला गणितात शंभरापैकी ९६. कॉलेज सुरू होऊन काही आठवडे झाले होते. एम-वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या, ट्युटोरियलला सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि म्हणाले, "कॅल्क्युलस किती कळलंय ते आज समजेल." हिने कोरा कागद दिला. त्या दिवसापासून ट्युटोरियलच्या वेळी तिच्या पोटात गोळा यायला लागला आणि हळूहळू तिने जाणंच सोडलं. घरी फोनवर मात्र "सगळं छान चाललंय".

प्रश्न असा होता. एखादी संख्या घ्या. तिच्या घनाची चौपट करा. त्यातून त्याच संख्येचा चौथा घात वजा करा. उत्तर ३० यायला हवं. अशी निदान एक संख्या शोधा, किंवा अशी संख्या का असू शकत नाही ते सांगा.

पहिल्या भेटीत ती जे बोलली त्यातली तीन वाक्यं मी तिच्यासमोरच कागदावर लिहून काढली. हे गणित मला सुटलं नाही. मला गणित कळत नाही. मी या कॉलेजच्या लायकीची नाही.

"यातल्या कोणत्या वाक्याला तुझ्याकडे पुरावा आहे?"

"तिन्हींना."

"पहिल्याचा दाखव."

"कोरा कागद दिला ना मी."

"बरं. दुसऱ्याचा?"

"तोच कागद."

"आणि तिसऱ्याचा?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तोच."

माझा पिंड विवेकनिष्ठ विचारसरणीचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली आणि आपल्याकडे मानसोपचारक कि. मो. फडके यांनी आयुष्यभर शिकवलेली ही दृष्टी सांगते की घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीवरून आपण स्वतःबद्दल जो निकाल देतो, तो जास्त छळतो. एखादी कृती फसली असं म्हणता येतं. त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देता येत नाहीत. हे तिला पटलं, आणि फार लवकर पटलं. पुढच्या भेटीत तिने मला ते माझ्यापेक्षा नेटकं म्हणून दाखवलं : "एका गणितावरून माणूस ठरत नाही." लगेच पुढचं वाक्य, "पण मॅडम, भीती तेवढीच आहे."

माझ्या लक्षात आलं की माझं वाक्यही तिने पाठ केलं होतं. सूत्रं पाठ केली तसंच. आमच्या क्षेत्रात बरेच जण अशा वेळी आत्मविश्वासावर आणखी बोलत राहतात. आधी आत्मविश्वास येईल आणि मग गणित सुटेल, अशी त्यामागची समजूत. माझा अनुभव उलट आहे. भीती ज्या प्रश्नाला चिकटली असेल तो प्रश्न टेबलावर घेतल्याशिवाय ती सुटत नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी तो सम घेऊन ये. आपण इथेच बसून बघू."

मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी गणित घेऊन बीएस्सी केलं होतं. त्यामुळे उत्तर मला ठाऊक होतं. ते तिला न सांगणं हे त्या तासाचं माझं काम होतं आणि ते मी नेटाने केलं.

"तेव्हा तू काय करून बघितलं होतंस?"

"फॅक्टर पाडायला गेले. पडेनात. मग किमती घालून बघितल्या."

"कोणत्या?"

"एक आणि दोन. मग बाकीचे लिहीत सुटलेत असं दिसलं, आणि माझं थांबलंच सगळं."

"इथे कुणी लिहीत नाहीये. पुढच्या किमती घाल."

तिने वहीत दोन रकाने आखले. एक घातला तर ३. दोन घातला तर १६. तीन घातला तर २७. चार घातला तर शून्य. शून्यापाशी ती थबकली. "हे चुकलंय काहीतरी." मी म्हटलं, तपासून बघ. चौसष्टाची चौपट २५६, चारचा चौथा घातही २५६. बरोबरच होतं.

"म्हणजे तीनला २७ आलंय. तीस जवळच आहे. ३.१ घालते." मोबाइलवर हिशेब केला. २६.८१. "कमी झालं?" मग २.९ घातले. २६.८३. "हेही कमी?"

पेन खाली ठेवून ती त्या तीन आकड्यांकडे बघत बसली. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी मोठ्यांची जीभ शिवशिवते, आणि नेमकं तेव्हाच बोललं की मुलाच्या हातातला विचार निसटतो.

"मॅडम, हे तीनच्या दोन्ही बाजूंनी उतरतंय. टेकडी आहे ही."

"मग?"

"मग तीनला मॅक्सिमम..." तिने मान वर केली. "हे तर मॅक्सिमा-मिनिमा आहे! हे मला येतं!"

मॅक्सिमा-मिनिमा म्हणजे एखाद्या राशीची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान किंमत शोधण्याचा धडा. पुढचं तिने सरसर लिहिलं. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या-त्या ठिकाणी चढ किती ते सांगणारं सूत्र, काढलं, ते शून्य कुठे होतं ते पाहिलं : ० आणि ३. शून्यापाशी चिन्ह बदलत नाही, म्हणजे तिथे चढ फक्त क्षणभर सपाट होतो. तीनच्या अलीकडे चढण, पलीकडे उतार. उणे संख्यांचं तिनेच सांगितलं : त्या घेतल्या तर दोन्ही पदं उणेच राहतात, तिकडे बघायलाच नको. म्हणजे सगळ्यात मोठी किंमत २७. ती तिसापर्यंत पोचतच नाही.

आणि इथे, सगळं हातात आलेलं असताना, तिचा आवाज पुन्हा खाली गेला. "पण मग उत्तर काय लिहू?"

"तुला काय वाटतं?"

"उत्तर नाही, असं लिहायचं? असं लिहिलं तर मार्क देतात?"

या तिच्या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ विचार केला. फळ्यावरच्या प्रश्नात "का असू शकत नाही ते सांगा" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तिने ते वाचलंही होतं. तरी तो पर्याय तिच्या मनाने कधी धरलाच नाही. पहिलीपासून बारावीपर्यंत तिने सोडवलेल्या जवळजवळ प्रत्येक गणिताला उत्तर होतं, आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेलं होतं. उत्तर सापडलं नाही तर दोष आपलाच, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की ट्युटोरियलमध्ये संख्या हाताला लागेना तेव्हा तिने तो स्वतःचा कमीपणा मानला. संख्या नव्हतीच. "मला सापडत नाही" आणि "ती असू शकत नाही, आणि का ते मी दाखवून देते" या दोन वाक्यांमधलं अंतर तिने त्या दिवशी स्वतः कापलं. मी तिला पुन्हा तो तीन वाक्यांचा कागद दिला. दुसरं वाक्य तिने खोडलं. तिसऱ्याकडे बघून म्हणाली, "याचा तर या समशी संबंधच नाही." हे वाक्य तिला मी दिलेलं नव्हतं.

हा प्रश्न साधासुधा नाही. अमेरिकेत टेनेसीतल्या एका विद्यापीठात जॉन आणि अ‍ॅनी सेल्डन आणि अ‍ॅलिस मेसन यांनी कॅल्क्युलस शिकलेल्या मुलांना हा आणि असेच काही अनोळखी प्रश्न दिले होते. १९८९ च्या अभ्यासात मध्यम गुणांच्या मुलांपैकी एकालाही एकही प्रश्न पूर्ण बरोबर सोडवता आला नाही. मग त्यांनी वरच्या श्रेणीची मुलं घेतली. १९९४ साली ते निष्कर्ष आले : त्यांतल्याही दोन तृतीयांश मुलांना एकही प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. त्याच मुलांना नेहमीच्या धर्तीचे प्रश्न दिल्यावर दिसलं की लागणारं बरंचसं ज्ञान त्यांच्याकडे होतं. मार्क खोटे नव्हते. पण ते ज्ञान मागवायला एरवी धड्याचं नाव असायचं. "मॅक्सिमा-मिनिमा" असं वर लिहिलेलं असलं की हात आपोआप डेरिव्हेटिव्हकडे जातो. मथळा काढून घेतला की कोणतं हत्यार उचलायचं ते आपणच ठरवावं लागतं, आणि याचा सराव बारावीच्या वर्षात फारसा कुणी देत नाही. म्हणून कठीण प्रश्न ही समजेची चांगली परीक्षा आहे असंच मी म्हणेन. फक्त ती काय मोजते ते ओळखावं. माहीत असलेलं, कुणी नाव न घेता, वेळेवर आठवतं का, हे ती मोजते. हे कौशल्य आहे आणि ते शिकता येतं.

आठवड्याभराने आली तेव्हा तीच म्हणाली, "मॅडम, मी तिसाऐवजी वीस घालून बघितलं." वीस चढावर एकदा भेटतं, दोन आणि तीनच्या मध्ये, आणि उतारावर एकदा, तीन आणि चारच्या मध्ये. सत्तावीस घातलं तर बरोबर एकच संख्या, तीन. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि याला मार्कही नव्हते. समज आली आहे की नाही हे मला कुणी विचारलं, तर मी अशा स्वतःहून घातलेल्या प्रश्नाकडे बोट दाखवीन. ट्युटोरियलला ती त्याच आठवड्यात पुन्हा जायला लागली. एम-वन सुटला. मार्क बारावीसारखे नव्हते आणि ते तिने घरी स्वतःच फोन करून सांगितलं.

अशा मुलांना मी जे सुचवते ते तिच्याबरोबरच पक्कं झालं. दोन-तीन धड्यांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवा, धड्याचं नाव आणि प्रश्नक्रमांक वगळून. चिठ्ठ्या मिसळा आणि येईल ती घ्या. प्रश्न काय विचारतो आहे ते आधी मराठीत, मोठ्याने, स्वतःला सांगा. सेमी-इंग्लिशमधून आलेल्या मुलांना याचा विशेष उपयोग होतो, कारण त्यांची बरीच शक्ती वाक्य उलगडण्यातच जाते. सूत्र आठवायच्या आधी चार किमती घालून बघा, चित्र काढा, हे किती मोठं होऊ शकेल, किती लहान, असं विचारा.

आणि गाइड बंद ठेवून वीस मिनिटं बसा. अ‍ॅलन शोएनफेल्ड या गणितशिक्षणाच्या अमेरिकन संशोधकांनी शाळकरी मुलांना विचारलं होतं की एखादं गणित सुटायला किती वेळ लागावा. सरासरी उत्तर जेमतेम दोन मिनिटांचं आलं, आणि साधारण बारा मिनिटांत सुटलं नाही तर ते सुटणारच नाही असं मुलं धरून चालली होती. आपली मुलंही यूट्यूबवर पुढच्याच मिनिटाला सोल्युशन बघतात. वीस मिनिटांत सम सुटला नाही तरी काय काय करून बघितलं ते लिहून ठेवा आणि सरांकडे तो कागद घेऊन जा. कोऱ्या कागदावर शिक्षकाला काही सांगता येत नाही.

पालकांना माझं सांगणं असं की पहिली सहामाही मार्क विचारू नका. "आज कशात अडकलीस?" असं विचारा आणि उत्तर कळलं नाही तरी ऐका. खतांच्या दुकानात बसून तिचे पप्पा हल्ली फोनवर हेच विचारतात. लगेच आणखी एक क्लास लावायची घाई तर मुळीच नको. क्लासमध्ये पुन्हा धड्यांची नावं वर लिहूनच सराव होतो. प्राध्यापकांना विनंती एवढीच : अनोळखी प्रश्न जरूर द्या, पण तो द्यायच्या आधी "यावरून समजेल" हे वाक्य म्हणू नका, आणि अर्धवट प्रयत्नालाही गुण ठेवा.

काही मुलांच्या बाबतीत मात्र गोष्ट गणितापुरती राहिलेली नसते. झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, वर्गच काय पण मित्रही टाळले जात आहेत, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं कानावर येतं आहे, तर चिठ्ठ्या आणि सराव बाजूला ठेवा. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.