चीफसाहेब, बोट भाड्यानं घ्या

प्रश्न: मी 59 वर्षांचा, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. पुण्यात स्वतःचं घर आहे, कर्ज नाही, मुलगी नोकरीला लागली. म्युच्युअल फंड, एफडी आणि आरएफसी खात्यातले (देशात परतल्यावर उघडलेलं परकीय चलनातलं खातं) 14,000 डॉलर असं सगळं मिळून 2 कोटी 40 लाख आहेत. घरखर्च महिन्याला 95,000. पत्नीची शिक्षिकेची पेन्शन 35,000. नोकरीत अथेन्सच्या पिरियस बंदरात सात वेळा गेलो, पण अथेन्स एकदाही पाहिलं नाही. आता ग्रीसमधल्या लेफ्कादा बेटावर 15 वर्षं जुनी, 38 फुटी शिडाची बोट 58,000 युरोला मिळते आहे. दर उन्हाळ्यात मे ते सप्टेंबर तिच्यावर राहायचं. जुने बॅचमेट आळीपाळीनं येतील, आठवड्याचे पैसे देतील, त्यातून बोटीचा खर्च निघेल. चार-पाच वर्षांनी विकून टाकू. घ्यावी का? (खाली पत्नीच्या अक्षरात: मला पोहता येत नाही, पण जायचं आहे. फक्त पाच महिने पाहुण्यांचा स्वयंपाक नको.)

चीफसाहेब, उत्तर आधीच सांगतो. ग्रीसला जा, पुढच्याच वर्षी जा, मित्रांना बोलवा. बोट मात्र विकत घेऊ नका.

जा म्हणतो ते मनापासून. इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तोच समुद्र डेकवर बसून, बायकोसोबत बघायचा आहे. यासाठी पैसे खर्च करायचे नाहीत तर मग साठवले कशासाठी? तुमची ऐपत आहे, आणि ती आकड्यांत दाखवतो. पण तुमचा बोटीचा हिशेब ज्या दोन खांबांवर उभा आहे, ते दोन्ही पोकळ आहेत.

पहिला खांब म्हणजे मे ते सप्टेंबर. हे 153 दिवस होतात. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि पर्यटक व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. मधे बोट घेऊन तुर्कस्तानात जाऊन आलात तरी मोजणी शून्यापासून सुरू होत नाही, मागचे 180 दिवस मोजले जातातच. ऑक्टोबर 2025 पासून तर ये-जा संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे पासपोर्टवरचा शिक्का पुसट आहे वगैरे भानगड उरली नाही. म्हणजे उन्हाळ्यात बोट तुम्हाला फार तर 90 दिवस मिळेल. उरलेले दिवस ती यार्डात ठोकळ्यांवर उभी राहील आणि भाडं तुम्ही पुण्यातून भराल. दापोली-गुहागरला हौसेनं घर बांधून वर्षाला वीस दिवस राहणारी आणि बारा महिने राखणदाराला पगार देणारी मंडळी तुमच्या ओळखीत असतीलच. इथे तर ते घर पाण्यावर तरंगतं.

दुसरा खांब मित्रांचे पैसे. स्वतःच्या खासगी बोटीवर मित्रांना नेणं, जेवणाखाणाचा आणि डिझेलचा खर्च वाटून घेणं, यात काही वावगं नाही. पण आठवड्याचा दर ठरवून पैसे घेतले की ते व्यावसायिक चार्टर, म्हणजे बोट भाड्यानं देण्याचा धंदा होतो. त्याला ग्रीसमध्ये वेगळा परवाना लागतो, बोटीची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा. खासगी वापराच्या विम्यावर पैसे देणारा पाहुणा असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करेल. तेव्हा जो पैसा बोटीचा खर्च भागवणार होता, तो तुमच्या वहीतून खोडा.

आता खर्चाकडे वळू. सोपं जावं म्हणून युरो 100 रुपयांचा धरतो, प्रत्यक्षात थोडा जास्तच पडेल. बोट 58 लाखांची. यार्ड आणि मरिनाचं भाडं, विमा, दरवर्षी तळ खरवडून रंग, शिडं, दोऱ्या, बॅटऱ्या, 7 मीटरपेक्षा लांब बोटींवरचा ग्रीसचा क्रूझिंग कर: या सगळ्यासाठी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरसाल धरायचे, असा बोटवाल्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे वर्षाला जवळपास 6 लाख. इंजिन मी स्वतः बघेन, असं तुम्ही म्हणाल, आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं जाणता. पण डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा पंधरा वर्षांच्या झाल्या की बदलाव्या लागतात, विमावालेही तसा आग्रह धरतात. त्यात तुमचं इंजिनचं कौशल्य वाचवू शकत नाही. पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा बोट वीस वर्षांची असेल.

शिवाय पैसे पाठवतानाच एक फटका आहे. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, वर्षाला 10 लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. म्हणजे 48 लाखांवर 9 लाख 60 हजार. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. 58 लाख उभे करायला फंड विकाल, त्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा. आणि बोट ही परदेशातली मालमत्ता, दरवर्षी विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये न चुकता दाखवावी लागेल.

माझ्या दृष्टीनं निर्णय एका आकड्यावर होतो. आज पेन्शन वजा जाता तुम्हाला महिना 60,000, म्हणजे वर्षाला 7 लाख 20 हजार पुंजीतून काढावे लागतात. 2 कोटी 40 लाखांच्या हे 3 टक्के. उत्तम स्थिती आहे, महागाई पचवून ही पुंजी तुम्हा दोघांना नव्वदीपर्यंत नेईल असं मला वाटतं. बोट घेतली की पुंजी 1 कोटी 82 लाख आणि काढायची रक्कम 13 लाख 20 हजार, म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आसपास. या वेगानं पैसा तुमच्या सत्तरीतच तळाला लागण्याची भीती आहे, आणि नेमका तेव्हा दवाखान्याचा खर्च वाढलेला असतो. मर्चंट नेव्हीनं पगार भरपूर दिला, पेन्शन दिली नाही. ही पुंजी हीच तुमची पेन्शन.

म्हणून माझी सूचना: पुढच्या वर्षी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत सहा आठवडे, तीन केबिनची बोट, भाड्यानं, लेफ्कादाहूनच. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये मे-जूनचा दर आठवड्याला 2,100 युरो आहे, तोच जुलै-ऑगस्टला 3,600. फरक नुसता गर्दीचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या पूर्वेच्या एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा वाहतो, सात-आठ बोफर्टपर्यंत (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) चढतो, बंदर पोलीस बोटींना बाहेर पडू देत नाहीत, आणि बंदरात अडकलात तरी भाडं चालूच राहतं. तिथली सिक्लाडीझ बेटं या दिवसांत नवख्यांसाठी नाहीत. लेफ्कादा, इथाका, केफालोनिया, पाक्सोस हा पश्चिमेचा आयोनियन समुद्राचा पट्टा त्यामानानं शांत: सकाळी वारा नाही, दुपारी वायव्येचा येतो, संध्याकाळी पडतो. शिवाय जूनअखेरीस परतलात तर गौरी-गणपतीला घरी असाल.

एक अडचण आहे. तुमचं प्रमाणपत्र इंजिनचं, शिडाचं नाही. बोट देणारी कंपनी शिडाच्या बोटीचं प्रमाणपत्र मागेल, आणि सोबत एक अनुभवी माणूसही लागेल. मुंबईत अभ्यासक्रम चालतात, या हिवाळ्यात दोघंही करा. तेवढ्यात मॅडमनी पोहणंही शिकून घ्यावं. पहिल्या आठवड्याला तरी स्थानिक स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस घ्या. तो दिवसाला 190 युरो घेईल आणि एक केबिनही अडवेल, म्हणून त्या आठवड्यात पाहुणे बोलवू नका.

सहा आठवड्यांचं भाडं 12,600 युरो, स्किपर 1,330, धक्क्याचं भाडं-डिझेल-पाणी-गॅस 1,800, तुम्हा दोघांचं जेवण 2,400, साफसफाई वगैरे 500. हे झाले 18,630 युरो. विमान, व्हिसा आणि विम्याचे 2 लाख 10 हजार धरून 20 लाख 70 हजार. एकही मित्र आला नाही असं समजून हा आकडा काढला आहे, आणि निर्णय याच आकड्यावर घ्या. एवढे खर्चूनही पुंजी 2 कोटी 19 लाख राहते आणि काढण्याचं प्रमाण 3.3 टक्के होतं. मधल्या चार आठवड्यांत दोन-दोन जोडपी आली तर त्यांच्याकडून साधारण 6,400 युरो येतील आणि तुमचा खर्च 14 लाखांच्या थोडा वर राहील. भाड्याच्या बोटीत भाडं वाटून घ्यायला कुणाची हरकत नसते, सगळ्यांची नावं क्रू लिस्टमध्ये असली की झालं.

पैसे आधी आरएफसी खात्यातून खर्चा. ते एलआरएसमध्ये मोडत नाहीत, त्यामुळे टीसीएसही नाही, आणि 14,000 डॉलर म्हणजे साधारण 12,000 युरो होतात. भाडं साधारण निम्मं बुकिंगला आणि निम्मं निघण्याआधी द्यायचं असतं. खात्याबाहेरून काही पाठवावं लागलंच तर एक हप्ता 31 मार्चच्या आत आणि एक एप्रिलनंतर पाठवा. दोन आर्थिक वर्षं झाली की 10 लाखांची मर्यादा ओलांडली जात नाही.

आता मित्र. बॅचमेटशी पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच आत्ताच, लेखी, ग्रुपवर टाका: एका केबिनचे आठवड्याला 700 युरो, धक्का-डिझेलचे जोडप्यामागे 100, निघण्याच्या दोन महिने आधी रुपयांत तुमच्या खात्यावर. बोटीवर पाय ठेवल्यावर प्रत्येक जोडप्याची किराणा आणि हॉटेलची काँट्री एका डब्यात, तो डबा तुमच्याकडे नको, पाहुण्यांपैकी एकाकडे द्या. अनामत रकमेचंही ठरवा. ती तुमच्या कार्डावर अडकते, आणि टॉयलेटमध्ये कागद टाकून पंप तुंबवला तर दुरुस्ती त्यातूनच कापतात. शिडावर फिरणारी माणसं पाहुण्यांना तारीख तरी कबूल करतात किंवा जागा तरी, दोन्ही कधीच नाही. तुम्हीही विमानाचं तिकीट काढणाऱ्याला सांगा: लेफ्कादाजवळच्या प्रेवेझा विमानतळावर उतर, बेट कुठलं ते आम्ही आदल्या दिवशी कळवू.

आणि मॅडमची ती ओळ मी तीनदा वाचली. नियमांच्या त्याच मेसेजमध्ये घाला: सकाळचा चहा-नाश्ता बोटीवर, ज्याची पाळी त्यानं करायचा. रात्रीचं जेवण किनाऱ्यावरच्या तावेर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत.