पूर्ण रेंडर पुन्हा न लावता फक्त भिंतीचा रंग कसा बदलायचा?

तुमची अडचण अशी दिसते: इंटिरियरचं रेंडर (3डी मॉडेलवरून संगणकाने बनवलेलं चित्र) तयार आहे, क्लायंटला एकाच भिंतीचा रंग वेगळा हवाय आणि फोटोशॉपमध्ये सिलेक्शन केलं की सोफ्याच्या कडेला पांढरी किनार उरते.

मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या प्रोजेक्ट्सची रेंडर्स करतो. "फक्त एवढं बदला" हे इथे ब्रोशर छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळीच सुचतं, म्हणून मास्क (बदल कुठे करायचा हे दाखवणारी काळी-पांढरी चित्रं) रेंडरबरोबरच काढून ठेवलेले बरे. फोटोशॉपच्या मॅजिक वाँड या सिलेक्शन टूलच्या नादी लागू नका. त्याला रंगापलीकडे काही कळत नाही, पांढरी भिंत आणि पांढरा पडदा त्याच्या लेखी एकच.

रेंडर लावतानाच क्रिप्टोमॅट चालू करा, म्हणजे मास्क काढण्यासाठी चित्राबरोबर निघणारा जादा थर (पास). सायऑप स्टुडिओच्या मंडळींनी ते 2015 मध्ये मांडलं. आज व्ही-रे, आर्नोल्ड या रेंडर सॉफ्टवेअरमध्ये आहे, ब्लेंडरच्या सायकल्समध्ये 2.80 आवृत्तीपासून. वस्तूच्या किंवा मटेरियलच्या नावावरून ते आपोआप आयडी बनवतं आणि एकेका पिक्सेलमध्ये कुणाचा किती वाटा आहे हेही नोंदवतं. ऑब्जेक्ट इंडेक्स या जुन्या पासमध्ये पिक्सेलला एकच आकडा, म्हणून कडा करवतीसारख्या. फाइल 32 बिट ईएक्सआर फॉरमॅटमध्येच ठेवा आणि या पासवर डीनॉइझ (रेंडरमधले दाणे घालवणारी प्रक्रिया) चालवू नका. वस्तूंची नावं 'क्यूब 047' अशी असतील तर मटेरियलवरून मास्क काढा, डोकं शांत राहील.

आता तुमची किनार. कडेच्या पिक्सेलमध्ये भिंत आणि सोफा आधीच मिसळलेले असतात. तुकडा कापून वर ठेवला की ती भेसळ उघडी पडते. म्हणून कापायचंच नाही: कर्व्ह्ज किंवा ह्यू-सॅच्युरेशनची ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या चित्राचा रंग बदलणारा थर) घ्या आणि मास्क तिला लावा. पांढरं तिथे बदल दिसतो, काळं तिथे नाही, करड्यात अर्धामुर्धा. मास्कवर ऑल्ट दाबून क्लिक केलं की तो एकटा दिसतो. भोकं, ठिपके तिथेच तपासा.

खिडकीबाहेर येऊरचा डोंगर असेल आणि हिरवा रंग खुलवायचा असेल, तर मास्कमध्ये डोंगराऐवजी काच येते. व्ही-रेमध्ये काचेच्या रिफ्रॅक्शनखाली 'अफेक्ट चॅनल्स' हे 'ऑल चॅनल्स'वर ठेवा, पण रेंडर लावण्याआधी.

एक गोष्ट मास्कने होत नाही. भिंतीचा रंग फरशीवर आणि छतावरही उतरलेला असतो, तो तसाच राहतो. फिकट करड्याची बदामी केली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्याची विटकरी हवी असेल आणि खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतील, तर सरळ रात्रभर रेंडर लावा.